सोडतीचा रुपया

जोतिबाच्या चैत्री यात्रेला जो कोणी डोंगरावर गेला असेल, त्याला सोरट म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. जमिनीवर अंथरलेले एक मेणकापड, त्यावर रंगवलेली छत्री, कोंबडा, गुलाब, सूर्य अशी चित्रे, चित्रांवर कोणाकोणाची नाणी, आणि पलीकडे उकिडवा बसून ओरडून ओरडून घसा बसलेला एक माणूस. मी सातआठ वर्षांचा असेन. आज्जाच्या धोतराचा सोगा धरून सासनकाठ्या बघत होतो. गुलालाने आमची दोघांचीही तोंडे ओळखू येत नव्हती, आणि त्याचाच फायदा घेऊन आज्जाने चार आणे कोंबड्यावर लावले. कोंबडा आला नाही. मग देवळात जाऊन आज्जाने चार आणे पेटीत टाकले. परतताना मी विचारले, "आज्जा, यातले कुठले चार आणे वाया गेले?" आज्जा म्हणाला, "गेलं त्ये गेलं. आता कुणाच्या पोटाला लागतंय त्ये जोतिबाला ठावं. आन् घरात बोलू नगंस."

घरी बोललो नाही. आज चाळीस वर्षांनी या दिवाळी अंकात बोलतो आहे, त्याला कारण आमच्या शाळेची सोडत.

मी शालान्त परीक्षेच्या पलीकडे न गेलेला माणूस. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापणाऱ्याच्या धैर्याला नमस्कार असो. पोटापाण्यासाठी एका लहानशा खाजगी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात थोडा दोष तिचा आहे आणि बराचसा माझा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या वर्गांत बाकांच्या वर पाणी चढले होते. पाणी ओसरल्यावर वाचनालयाच्या कपाटातून आम्ही पुस्तके काढली ती विटा काढाव्यात तशी, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी. बाके फुगली, फळे गळून पडले. मदत आली, पण ती घरे सावरण्यातच संपली, आणि संपणे योग्यच होते. मग कमिटीच्या सभेत ठरले की स्नेहसंमेलनाच्या वेळी सोडत काढावी. दहा रुपयांचे तिकीट, दहा तिकिटांचे पुस्तक, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पुस्तक. पहिले बक्षीस सायकल. आणि तिकिटावर चित्र कोणी काढायचे? चित्रकलेच्या मास्तरांनी. मी कमळात उभी लक्ष्मी काढली. दोन्ही हातांतून नाणी पडताहेत, अशी. सगळ्यांना फार आवडली.

तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. चांगल्या कामासाठी सोडत काढावी, ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली? आणि लोकांच्या खिशातून निघालेला तो रुपया शेवटी पोचतो कुठे?

शोधायला बसलो आणि पहिला धागा सोरट याच शब्दात सापडला. मला तरी हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला वाटतो. त्यांच्याकडे नशिबाला आणि चिठ्ठीला 'सोर्त' म्हणतात. आपण तो शब्द उचलला आणि यात्रेत नेऊन बसवला. पण पोर्तुगिजांकडे ही सोर्त यात्रेपुरती नव्हती, ती देवळाच्या ओसरीवर बसली होती. लिस्बनमध्ये 'सांता काझा द मिसेरिकॉर्दिया' नावाची दयाधर्माची एक जुनी संस्था आहे. टाकलेली मुले सांभाळणे, रोग्यांची शुश्रूषा करणे, ही तिची कामे. १७८३ साली राणी पहिली मारिया हिने या संस्थेला लॉटरी चालवण्याची परवानगी दिली, आणि नफ्याचे वाटे आधीच ठरवून टाकले: काही इस्पितळाला, काही अनाथ बालकांना, काही विज्ञान अकादमीला. ती संस्था आणि तिची लॉटरी आजही चालू आहे. गोव्यातही सोळाव्या शतकापासून मिसेरिकॉर्दिया होती, आणि पोर्तुगीज अमदानीत तिच्याही नावाची लॉटरी निघत असे. १९४७ साली तिथे सरकारी मदतकार्यासाठी 'प्रोवेदोरिया' स्थापन झाली. गोवा मुक्त झाल्यावरही ती राहिली आणि तिचे वृद्धाश्रम चालू राहिले. म्हणजे आमच्या घाटाखालीच, गगनबावड्याच्या पलीकडे एका दिवसाच्या वाटेवर, सोरटीच्या पैशाने म्हाताऱ्यांना पेज मिळत होती, आणि इकडे आज्जा घरी सांगू नकोस म्हणत होता!

इंग्रज तर या बाबतीत त्यांच्याही पुढे. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या त्या तीस पायऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी चढल्या असतील, निदान सिनेमात नायकाला चढताना पाहिले असेल. ती इमारत म्हणजे मुंबईचा टाउन हॉल. १८११ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी तिची कल्पना मांडली आणि पैसा उभा करण्यासाठी मार्ग धरला तो सोडतीचा. सोडतीचा पैसा पुरला नाही, काम रेंगाळले, अखेरीस कंपनी सरकारला हात घालावा लागला आणि १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. कलकत्त्यात मात्र सोडतीने खरोखरच नगर उभारले. तिथला टाउन हॉल १८१३ साली सोडतीच्या पैशातून झाला. १८१७ साली चक्क 'लॉटरी कमिटी' या नावाची एक समिती नेमली गेली आणि तिने रस्ते आखले, तळी खणली. स्ट्रँड रोड, कॉलेज स्ट्रीट, कॉर्नवॉलिस स्ट्रीट अशी ज्या रस्त्यांची नावे आपण बंगाली कादंबऱ्यांच्या भाषांतरांत वाचली, त्यांवरून चालणाऱ्या नायकांना पायाखाली कोणाच्या तरी न लागलेल्या चिठ्ठ्या आहेत याची कल्पना नसावी. पुढे विलायतेतच या प्रकाराविरुद्ध ओरड झाली आणि १८३६ मध्ये ती कमिटी गुंडाळली गेली.

ओरड होण्यासारखे घडलेही होते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम हे सोडतीतून जन्मलेले आहे, हे वाचून मी चकितच झालो. १७५३ साली पार्लमेंटने कायदा करून तीन पौंडांची एक लाख तिकिटे काढली. तीन लाख पौंडांपैकी दोन लाख बक्षिसांत गेले, आणि खर्चवेच जाऊन म्युझियमच्या हाती पंचाण्णव हजारांच्या आसपास उरले. त्यातून संग्रह घेतले, वाडा घेतला. पण ज्या अधिकाऱ्याकडे हे काम सोपवले होते त्याने तिकिटे घाऊक दाबून ठेवून चढ्या भावाने विकली, आणि त्याला कोर्टाने एक हजार पौंड दंड केला. दंड भरूनही त्याच्या गाठीला पुष्कळ राहिले असणार, असे मला आपले वाटते. आयर्लंडमध्ये १९३० साली इस्पितळांच्या नावाने सोडत सुरू झाली. तिची तिकिटे साऱ्या जगात चोरून जात, आणि १९८७ पर्यंत ती चालली. तिच्यातून इस्पितळे बांधली गेली हे खरे, आणि जमलेल्या पैशाचा फार लहान हिस्सा इस्पितळांपर्यंत पोचला हेही तितकेच खरे.

आमच्या सोडतीचा हिशेब सांगतो. शाळेत ४१२ मुले. प्रत्येकी शंभर रुपयांप्रमाणे ४१,२०० रुपये जमले. एकही तिकीट परत आले नाही, याचे हेडमास्तरांनी सभेत मोठे कौतुक केले. तिकिटांची छपाई २,९०० रुपये. सायकल, मिक्सर, भिंतीवरची घड्याळे, पेनांचे संच मिळून बक्षिसे ९,७०० रुपयांची. सोडतीच्या दिवशी मांडव आणि लाउडस्पीकर १,५००. शाळेला राहिले २७,१०० रुपये. शंभरातले जेमतेम सहासष्ट. ब्रिटिश म्युझियमपेक्षा आम्ही बरे, असे म्हणून मी मनाला समजावले.

पण एकही तिकीट परत का आले नाही, हे मला तेव्हाच कळले होते.

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा, चित्र चांगले काढायचा. पुस्तके जमा करण्याच्या दिवशी तो माझ्याकडे आलाच नाही. मी हाक मारली तेव्हा म्हणाला, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याऐवजी त्याची आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. पुरात तिची खोली गेली होती आणि ती बहिणीकडे राहत होती. तिने पदराच्या गाठीतून शंभर रुपये काढले आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवले. दहाही स्थळप्रतींवर मुलाचेच नाव, एकाखाली एक, सुंदर अक्षरात. मी म्हणालो, "बाई, खपली नसतील तर परत द्या, सक्ती नाही." ती म्हणाली, "गुरुजी, बक्षीस लागू दे न्हाईतर न लागू दे, पोराची मान वर्गात खाली नको." आता सक्ती नव्हती हे शब्दशः खरे होते. पण फळ्यावर कोणी किती पुस्तके खपवली त्याचा तक्ता मीच काढला होता, रंगीत खडूंनी, नक्षीसह.

मी ते शंभर रुपये घेतले. पावती दिली. त्या संध्याकाळी वर्गातल्या अडतीसही पुस्तकांच्या स्थळप्रती घेऊन बसलो. ३८० तिकिटांपैकी २३१ तिकिटे मुलांच्या स्वतःच्याच आडनावाने फाडली गेली होती. बाप, आई, आजी, पाळण्यातली बहीण. पुरात बुडालेल्या घरांनी पुरात बुडालेल्या शाळेला पैसे दिले होते, आणि मध्ये एक सायकल उभी होती.

त्या सायकलचीही गंमत आहे. नंबर लागला तो कोण्या वाटसरूला. बसथांब्यावर उभा असताना त्याने एका पोराकडून दोन तिकिटे घेतली होती आणि स्थळप्रतीवर नुसते 'पाटील' असे लिहिले होते. आमच्या जिल्ह्यात नुसता पाटील शोधणे म्हणजे रंकाळ्यात पडलेली अंगठी शोधणे. तीन महिने सायकल ऑफिसात उभी राहिली. न नेलेल्या बक्षिसाचे काय करायचे, हा नियम कोणी केलाच नव्हता. सरकारने मात्र केलेला आहे. १९९८ च्या लॉटरी कायद्याप्रमाणे वेळेत कोणी मागितले नाही ते बक्षीस राज्य सरकारचे होते. अखेरीस आमच्या शिपायाने ती वापरायला घेतली, आणि ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वात न्यायाचे वाटले.

कायद्याचे नाव निघालेच आहे तर तेही सांगून टाकतो. आपल्याकडे सरकारने परवानगी न दिलेल्या सोडतींवर १८४४ सालीच बंदी आली. १८७० मध्ये दंडविधानात तसे कलम घातले गेले. मुंबई राज्याने १९४८ आणि १९५८ साली आपले स्वतःचे कायदे करून सोडतींवर नियंत्रण आणि कर बसवला. एका वकील मित्राने हे सारे मला समजावले आणि शेवटी विचारले, "तुमच्या शाळेने परवाना काढला होता ना?" मी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

१९४८ च्या त्या कायद्यामागे एक मजेदार प्रकरण आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना आठवेल किंवा त्यांच्या वडिलांनी सांगितलेले आठवेल. शब्दकोड्यांचे वेड! प्रवेशफी भरा, शब्द भरा, हजारो रुपये मिळवा. 'आई' की 'बाई' यावर सबंध घराचे भवितव्य ठरायचे. मुंबईचे चमारबागवाला यांचा हा मोठा धंदा होता. कायदा आला तसे त्यांनी बिऱ्हाड बंगलोरला हलवले आणि तिथून 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून कोडी छापून मुंबई राज्यात पाठवू लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकाल दिला, आणि त्यात थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापाचा आधार घेतला. जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापारस्वातंत्र्याचे कवच त्याला मिळणार नाही, असा त्याचा आशय. मला त्या निकालात आवडले ते हे की, फाशांनी ज्याचे घर बुडाले तो वैदिक काळातला एक अनामिक माणूस तीन हजार वर्षांनी साक्षीला येऊन उभा राहिला.

पण आपल्याच परंपरेत दुसरा साक्षीदारही आहे, आणि तो सरकारी नोकर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'द्यूताध्यक्ष' नावाचा अधिकारी येतो. जुगार ठरलेल्या जागीच खेळू द्यायचा, फासे सरकारने पुरवायचे, त्यांचे भाडे घ्यायचे आणि जिंकणाऱ्याकडून शंभराला पाच राजाच्या तिजोरीत जमा करायचे. कौटिल्याला माणसाच्या सुधारण्याविषयी फारशी आशा दिसत नाही. माणूस खेळणारच, तर तिजोरीचे तरी भले होऊ द्या, असा त्याचा व्यवहार.

महाराष्ट्र सरकारने १९६९ साली जे केले ते पुष्कळसे कौटिल्याचेच. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मुंबईत १९६० नंतरच्या काळात मटका फोफावला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लागायचा. ते बंद पडल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले, पुढे पत्ते आले, नाव मटकाच राहिले. ही साथ आमच्या कोल्हापूरलाही सोडून गेली नाही. चहाच्या टपरीवर 'ओपन' काय आणि 'क्लोज' काय याची चर्चा ज्या गांभीर्याने चाले त्या गांभीर्याने तालमीत डावांचीही होत नसेल. केरळने १९६७ साली देशात पहिल्यांदा सरकारी लॉटरी काढली होती. एक रुपयाचे तिकीट, पन्नास हजारांचे पहिले बक्षीस, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. तो कित्ता गिरवून १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांना मटक्यासारख्या अवैध जुगारापासून दूर ठेवायचे आणि त्यांचा पैसा लोकांच्याच कामी यावा, हा तिचा हेतू सांगितला गेला.

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पगाराच्या दिवशी एक तिकीट, हा त्यांचा नेम. त्यांना कधी काही लागले नाही. एकदा शेवटचे दोन आकडे जुळून थोडे पैसे आले, त्याची त्यांनी आणखी तिकिटे घेतली. आई चिडली की ते शांतपणे म्हणत, "अगं, सरकारचाच पैसा आहे. कुठेतरी रस्ता होईल, दवाखान्यात औषध येईल. दानच समज." आई म्हणे, "मग दान करा की सरळ. नंबर कशाला बघता पेपरात?" या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी शेवटपर्यंत दिले नाही, आणि मलाही ते अजून सापडलेले नाही.

तो रुपया दवाखान्यात गेला का? शोधून पाहिले. तिकिटाच्या किमतीतला मोठा वाटा बक्षिसांत जातो, मग विक्रेत्यांचे कमिशन, छपाई, जाहिरात. त्यावर कर. २०२० च्या मार्चपासून लॉटरीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला आणि २०२५ च्या सप्टेंबरात तो ४० टक्क्यांवर गेला. उरते ते सरकारच्या खजिन्यात. १९९८ च्या कायद्याने विक्रीचा पैसा सरकारी खात्यातच जमा झाला पाहिजे, सोडत राज्यानेच काढली पाहिजे, एका आकड्याची लॉटरी चालणार नाही, वर्षात भव्य सोडती सहापेक्षा जास्त नकोत, असे नियम घातले. ते चांगलेच झाले. परंतु खजिन्यात पडलेला रुपया पुढे ओळखता येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकदा प्रयाग-चिखलीशी पंचगंगेत मिसळल्या की ओंजळीतले पाणी कुठल्या नदीचे, हे कोणी सांगावे? वडिलांचा रुपया सी.पी.आर. दवाखान्याच्या औषधाला गेला असेल किंवा कुठल्या साहेबाच्या मोटारीच्या पेट्रोलला. दोन्ही शक्य आहे.

केरळात मात्र एक वेगळी गोष्ट झाली. २०११ साली तिथे 'कारुण्य' या नावाची स्वतंत्र लॉटरी निघाली आणि तिचा नफा गरिबांच्या आजारपणासाठी राखून ठेवला गेला. कर्करोग, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे विकार, रक्त न गोठण्याचा रोग, ज्यांच्या उपचाराने घरे विकली जातात, त्यांसाठी. नदी मिसळण्यापूर्वीच तिला पाट काढला, असे म्हणा. तिथे वर्षाची लॉटरीविक्री दहा हजार कोटींच्या पुढे गेली, आणि तिथेही निव्वळ शिल्लक त्याच्या लहानशा भागाइतकीच. शिवाय तिकीट विकत घेणारा कोण आणि विकणारा कोण, हे पाहिले तर दोघेही बहुधा त्याच दवाखान्याच्या रांगेत उभे राहणारे. विकणाऱ्यांत अपंग आहेत, म्हातारे आहेत, आणि त्यांचे पोट त्यावर आहे. म्हणून बंद करा म्हणणे सोपे नाही. तामिळनाडूने २००३ मध्ये लॉटरी बंद केली, शेजारच्या कर्नाटकाने २००७ मध्ये. निपाणीच्या माणसाला आपल्या गावात मिळत नाही ते तिकीट कागलला येऊन घेता येते. सीमाप्रश्नाचा हाही एक पैलू.

आता कोणी म्हणेल, आपल्या लोकांना बक्षिसाशिवाय देताच येत नव्हते काय? येत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. बक्षीस नाही, नंबर नाही, एक पैसा द्या. त्याच १९०८ साली पणजीत मुष्टिफंडाची शाळा निघाली, घरोघरच्या मूठमूठ धान्यावर. आमच्या जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील तर मुठीच्या धान्यावर वसतिगृहे चालवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात एकामागून एक बोर्डिंगे काढली ती जमिनी आणि नेमणुका तोडून देऊन. कोल्हापुरात विद्येला सोडत लागली नव्हती. माझ्या तिकिटावरच्या लक्ष्मीच्या हातातून नाणी पडत होती, आणि त्या दुसऱ्या लक्ष्मीच्या गळ्यातले मंगळसूत्र गेले होते. हे मला सुचले तेव्हा मी काही दिवस चित्र काढले नाही.

यंदा श्रावणात कमिटीची सभा झाली. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचे आहे. पुरानंतर जे दुरुस्त झाले ते आता वापरण्याजोगे राहिलेले नाही, आणि आठवी-नववीच्या मुली दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, हे बाईंनी सांगितले तेव्हा सभा गप्प झाली. मग सेक्रेटरी म्हणाले, "सोडत काढू." मी उठलो. वर लिहिले त्यातले बरेचसे बोललो. कौटिल्य सांगितला, पैसा फंड सांगितला, सहासष्ट रुपयांचा हिशेब सांगितला, ३८० पैकी २३१ सांगितले. सभेने ऐकून घेतले. सेक्रेटरी चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळं खरं. पण गेल्या वर्षी आपण वर्गणीची पत्रं काढली, शंभर घरी गेलो. किती जमले ठाऊक आहे? सहा हजार दोनशे. दारातला माणूस वर्गणी म्हटली की मालक घरी नाहीत म्हणतो. तिकीट म्हटलं की दहा रुपये काढतो आणि वर हसतो. आता मुलींना सांगू का, पैसा फंडाची वाट बघा?"

याला उत्तर नव्हते. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी एवढेच मागितले की पुस्तके मुलांच्या हाती द्यायची नाहीत, फळ्यावर तक्ता लावायचा नाही, विकायचे ते कमिटीने आणि शिक्षकांनी, मोठ्या माणसांना, दुकानांतून, बाजारातून. परवाना काढायचा. आणि शंभरातले शाळेला किती राहिले, ते दारावर लिहून लावायचे. बरीच खडाखडी होऊन हे मान्य झाले. उठता उठता सेक्रेटरी म्हणाले, "चित्र मात्र तुम्हीच काढायचं." यंदा मी लक्ष्मी काढली नाही. नळ काढला, आणि त्याखाली ओंजळ. चित्र काही विशेष उतरलेले नाही.

परवाना आला, आणि माझ्या वाट्याला दहा पुस्तके आली. आठवड्याच्या बाजारात फिरलो. माणसे खरोखरच हसत पैसे काढतात, सेक्रेटरींचे खोटे नव्हते. सातवे पुस्तक चालू असताना भाजीच्या रांगेतून हाक आली, "गुरुजी!" तीच बाई. मुलगा आता मिसरूड फुटलेला, आय.टी.आय.ला जातो, सुतारकाम शिकतो, असे म्हणाली. मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून विचारले, "ह्या साली आमच्या गल्लीत कुणाच्या पोराकडं तिकिटं दिसली न्हाईत?" मी सांगितले, मुलांना दिली नाहीत. कशासाठी आहेत तेही सांगितले. तिने वांग्यांची पिशवी खाली ठेवली आणि पदराची गाठ सोडली. मी म्हणालो, "बाई, तुम्ही नको. तुम्ही मागे दिलेत." ती एकदम रागावली. "का? माझं दहा रुपय दहा रुपय न्हाईत व्हय? दोन फाडा."

मी दोन फाडली. स्थळप्रतीवर सवयीने मुलाचे नाव लिहायला लागलो तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्येचं नगं. ह्या खेपेला माझं घाला."

सोडत अजून निघायची आहे.